मोटारीला मराठी कळावी म्हणून : आवाजी आज्ञा, पत्ता आणि पंचगंगा घाट

'पंचगंगा घाट' असे दोनच शब्द मोटारीतील मल्टिमीडिया यंत्रणेला उद्देशून उच्चारले, तर तिने वाहन कोठे न्यावे? कोल्हापूरकराच्या दृष्टीने उत्तर उघड आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा त्याच्या शहराला लागूनच वाहते आणि पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. महाबळेश्वरास निघालेला प्रवासी म्हणेल की पंचगंगा म्हणजे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे मंदिर. काशीयात्रेस निघालेल्या कुटुंबाला मात्र वाराणसीचा घाट अभिप्रेत असतो. गंगा, यमुना, सरस्वती, धूतपापा आणि किरणा या पाच प्रवाहांचे मीलन तेथे मानले जाते आणि काशीच्या पंचतीर्थांत त्याची गणना होते. कोल्हापूर आणि वाराणसी यांमध्ये हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. उच्चारात मात्र तिळमात्र फरक नाही. ऐकणाऱ्या माणसाला संदर्भावरून उलगडा होतो. यंत्राला तो संदर्भ कोणीतरी आधी पुरवून ठेवावा लागतो. हा 'कोणीतरी' कोण, त्यासाठीचा खर्च कोण करतो आणि तो अपुरा पडल्यास भुर्दंड कोणावर पडतो, हे प्रश्न वाहनउद्योगाइतकेच अर्थशास्त्राचेही आहेत.

भारतात इंटरनेटशी जोडलेल्या मोटारी मध्यम किमतीच्या गटात प्रामुख्याने २०१९ पासून दिसू लागल्या. प्रारंभी आज्ञा इंग्रजीत द्यावी लागे. मागोमाग हिंदी आणि हिंदी-इंग्रजीचे मिश्रण आले. अलीकडे काही भारतीय बनावटीच्या मोटारींत मराठीचाही समावेश झाला आहे. जाहिरातीत ही सोय चैनीची वस्तू म्हणून मांडली जाते. ती चैन नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लातूर वा बीडहून यात्रेकरूंची जीप घेऊन निघालेल्या चालकाला इंग्रजी पडदा वाचता येत नसेल, तर भाषेचा प्रश्न त्याच्या आणि मागे बसलेल्या आठ-दहा जणांच्या सुरक्षिततेचा होतो.

यंत्रणेचे अंतरंग

चालकाने सुकाणूवरील बटण दाबले किंवा ठरावीक हाक दिली की यंत्रणा ऐकू लागते. ध्वनिग्राहक आवाज टिपतो. त्यातून इंजिन, वारा, वातानुकूलन आणि मागील आसनावरील गप्पा यांचा कोलाहल वजा केला जातो. उरलेल्या ध्वनिलहरींचे क्षणाक्षणाचे तुकडे पाडून त्यांतून वर्ण, वर्णांतून शब्द आणि शब्दांतून वाक्य यांचा अंदाज बांधला जातो. येथे 'अंदाज' हा शब्द जाणीवपूर्वक योजला आहे. यंत्र शब्द ओळखत नाही. अनेक शक्यतांपैकी सर्वाधिक संभाव्य शक्यता निवडते. त्यानंतर वाक्याचा हेतू ठरतो : मार्ग हवा आहे, दूरध्वनी जोडायचा आहे, गाणे लावायचे आहे की माहिती विचारली आहे? शेवटी कृती होते आणि कृत्रिम आवाजात उत्तर मिळते.

माहितीच्या सोयीही याच साखळीवर चालतात. टाकीतील इंधनावर आणखी किती किलोमीटर जाता येईल, चाकांतील हवेचा दाब किती, पुढील देखभाल केव्हा, वाटेत पाऊस आहे का, जवळचा पेट्रोल पंप कोणता, असे प्रश्न विचारता येतात. यांपैकी पहिल्या तिघांची उत्तरे मोटारीच्या आतच असतात. बाकीची उत्तरे बाहेरून, मोबाइल जाळ्यामार्फत यावी लागतात. हा भेद वापरणाऱ्याने ध्यानात ठेवणे फार उपयोगाचे ठरते. 'एसी कमी कर' ही आज्ञा अनेक मोटारी जाळ्याविनाही पाळतात, कारण असे मोजके शब्द मोटारीतील संगणकात साठवलेले असतात. 'वाराणसीतला पंचगंगा घाट दाखव' ही आज्ञा मात्र बहुधा दूरच्या संगणककेंद्राकडे जाऊन परत येते. रिव्याहून मिर्झापूरकडे उतरताना विंध्याच्या डोंगररांगेत जाळे क्षीण झाले की यंत्रणा मुकी होते, आणि चालकाला वाटते मोटार बिघडली.

यंत्राने मानवी वाणी ओळखण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ मध्ये केवळ अंक ओळखणारे यंत्र तयार झाले होते. अखंड बोलणे ओळखण्याच्या संशोधनात आंध्र प्रदेशात जन्मलेले राज रेड्डी यांचे कार्य पायाभूत मानले जाते. १९९४ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना एडवर्ड फायगेनबॉम यांच्यासमवेत मिळाले. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारचा भाषातंत्रज्ञान विकास कार्यक्रम १९९१ मध्ये सुरू झाला. त्याच परंपरेतील एक प्रयोग महाराष्ट्राशी निगडित आहे. शेतकऱ्याने दूरध्वनीवर पिकाचे आणि बाजारपेठेचे नाव उच्चारावे आणि यंत्राने भाव सांगावा, अशी व्यवस्था सहा भारतीय भाषांत उभारण्यासाठी अनेक शैक्षणिक संस्थांनी २०१० च्या सुमारास एकत्र काम केले. मराठीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करण्यात आले. आज मोटारीत जो प्रश्न 'पंचगंगा' या नावाबाबत उद्भवतो, तोच तेव्हा तालुक्याच्या बाजारपेठेबाबत उद्भवला होता. वऱ्हाडी शेतकऱ्याचे आणि कोल्हापुरी शेतकऱ्याचे 'सोयाबीन' एकच असले तरी त्यांचा स्वर एक नसतो.

मराठीचे वळण

मराठी यंत्राला कठीण का जाते, याची काही कारणे भाषेच्या घडणीत आहेत. 'च', 'ज' आणि 'झ' या अक्षरांचे मराठीत दोन-दोन उच्चार होतात. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लेखन एक, उच्चार दोन. हिंदीवर पोसलेली यंत्रणा या दोहोंतला भेद ऐकतच नाही. 'ळ' हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत नाही. परिणामी 'कळवा' आणि 'कलवा' यांत यंत्राची गल्लत होते.

त्याहून मोठी अडचण नामाच्या रूपांची आहे. इंग्रजीत 'पुणे' हे नाव वाक्यात कोठेही आले तरी पुणेच राहते. मराठीत 'पुण्याला', 'पुण्यात', 'पुण्याहून' अशी त्याची रूपे होतात. सातारा 'साताऱ्याला' होतो, नागपूर 'नागपुरास' होते, ठाणे 'ठाण्याकडे' होते. पत्त्यांच्या कोशात 'साताऱ्या' नावाचे गाव नसते. 'मला साताऱ्याला ने' या आज्ञेतून 'सातारा' मूळ रूपात बाहेर काढण्यासाठी यंत्रणेला मराठीचे सामान्यरूप शिकवावे लागते. त्या तुलनेने 'काशीला' सोपे. पण बोलणारा 'काशीस' म्हणू शकतो, 'वाराणशीला' म्हणू शकतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी 'काशीक्षेत्री' म्हणतात.

संख्यांची कथा निराळीच आहे. 'साडेतीन', 'अडीच', 'पावणेदोन' हे शब्द इंग्रजीत नाहीत. एक ते शंभर या संख्यांची नावे मराठीत जवळजवळ स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. 'पावणेदोन किलोमीटरनंतर डावीकडे' हे मराठी माणसाच्या मुखी सहज येते. यंत्राच्या मुखी 'एक दशांश सात पाच किलोमीटर' येते, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर हिशेब करावा लागतो. तो क्षण वाहन चालवताना महाग असतो.

नावांचा गुंता

वाराणसी हे या विषयाच्या अभ्यासासाठी जणू सिद्ध केलेले उदाहरण आहे. शहराचे अधिकृत नाव १९५६ मध्ये वाराणसी झाले. बनारस आणि काशी ही नावे लोकव्यवहारात कायम राहिली. रेल्वेच्या बाबतीत मात्र ती समानार्थी नाहीत. वाराणसी जंक्शन, वाराणसी सिटी, काशी आणि बनारस ही चार वेगवेगळी स्थानके आहेत. त्यांपैकी बनारस हे पूर्वीचे मंडुवाडीह, ज्याचे नाव २०२१ मध्ये बदलले. 'काशी स्टेशन' अशी आज्ञा दिल्यास यंत्रणा अगदी बरोबर, म्हणजे गंगेवरील मालवीय पुलाजवळच्या काशी स्थानकाकडे नेईल, आणि गाडी मात्र वाराणसी जंक्शनवर उभी असेल. यंत्राने चूक केली असे येथे म्हणता येत नाही.

रस्त्यांचेही तसेच. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीपासून नागपूरमार्गे कन्याकुमारीपर्यंत जात असे. २,३६९ किलोमीटर लांबीचा तो देशातील सर्वाधिक लांब राष्ट्रीय महामार्ग होता. विदर्भातील कित्येक चालक आजही त्याला 'सात नंबर' म्हणतात. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर नागपूर ते कन्याकुमारी हा भाग क्रमांक ४४ मध्ये गेला, वाराणसीकडील भागांना इतर क्रमांक मिळाले आणि क्रमांक ७ पंजाबातील फाजिल्का ते उत्तराखंडातील माणा या रस्त्याला देण्यात आला. परीक्षार्थींनी दोन्ही क्रमांक ध्यानात ठेवावेत.

पंचगंगा घाटाच्या परिसरात ही नावांची घडी आणखी दाट होते. घाटाच्या वर सतराव्या शतकातील आलमगीर मशीद आहे. तिच्या उंच मिनारांना लोक 'बेनीमाधव का धरहरा' म्हणत. बनारसच्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपच्या १८३० च्या दशकातील चित्रांत हा घाट 'माधोराय' या नावाने येतो. ते मिनार आज अस्तित्वात नाहीत, तरी धरहरा हे नाव उरले आहे. जवळच बिंदुमाधवाचे मंदिर आहे; त्याच्या आजच्या वास्तूचे श्रेय औंधच्या पंतप्रतिनिधींना दिले जाते. घाटावरील दगडी दीपस्तंभाशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. शेजारच्या दुर्गाघाट, ब्रह्माघाट या वस्त्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. अशा ठिकाणी पत्ता सांगणारा माणूस घर क्रमांक सांगत नाही. धरहरा, मंदिर, पायऱ्या, पिंपळ यांच्या खुणा सांगतो. खुणेचा पत्ता माणसाला पुरतो, कारण त्याला पुढे विचारता येते.

लिपीची अडचण यात भर घालते. देशातील बहुतेक संगणकीय नकाशे रोमन लिपीत प्रथम तयार झाले. त्या लिपीत 'ठ' आणि 'थ' यांत भेद नाही, 'ड' आणि 'द' यांतही नाही. वाराणसीतील ठठेरी बाजार हे कासार-तांबटांच्या जुन्या पेठेचे नाव रोमनमधून परत देवनागरीत आणताना यंत्र 'थथेरी' असे उच्चारू शकते. स्थानिक माणसाला त्यात हसू येईल. नवख्या चालकाला तो फलकावरील 'ठठेरी'शी जुळवता येणार नाही. म्हणून प्रत्येक स्थलनाम त्या भागाच्या लिपीत, प्रमाणित उच्चारासह आणि पर्यायी नावांसह नोंदणे, हे नकाशाशास्त्राचे काम जितके आहे तितकेच ते राष्ट्रीय माहितीसाठ्याचेही आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग हे काम दीर्घकाळ करत आला आहे. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीच्या जाचातून मोकळे केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूअवकाशीय धोरण आले.

नावांच्या गुंत्यातून सुटण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नावच टाळणे. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही व्यवस्था जाहीर केली. देशाला वेढणारा ३६ अंश लांब आणि ३६ अंश रुंद चौकोन घ्यायचा, त्याचे १६ भाग करायचे, प्रत्येक भागाचे पुन्हा १६, असे दहा वेळा करायचे. दर वेळी प्रत्येक बाजू चौपटीने लहान होते. दहा पायऱ्यांनंतर बाजू मूळच्या सुमारे साडेदहा लाखांश होते, म्हणजे जवळजवळ चार मीटर. दहा चिन्हांचा संकेतांक त्या चार मीटरच्या चौकोनाचा पत्ता ठरतो. ज्या घाटावर पायऱ्यांना क्रमांक नाहीत, तेथे ही सोय मोलाची आहे. तथापि अक्षरे आणि अंक मिसळलेली दहा चिन्हे धावत्या मोटारीत तोंडी सांगणे हे आवाजी आज्ञेच्या प्रकृतीशी जुळत नाही. ती निघण्यापूर्वी टंकलिखित करून ठेवण्याची गोष्ट आहे. शिवाय एकाच चौकोनात चार मजले असतील तर संकेतांक एकच राहतो.

भाषेचे भांडवल कोणी उभारायचे

आवाजी आज्ञेची किंमत मोटारीच्या किमतीत समाविष्ट असते. तिचे भांडवल मात्र मोटारीच्या बाहेर असते. उच्चारांचा साठा, स्थलनामांचा कोश, उपग्रहाचा संकेत आणि रस्त्याच्या स्थितीची ताजी नोंद या चार गोष्टींवाचून दहा लाखांच्या मोटारीतील पडदाही निरुपयोगी ठरतो. या चौघांत अर्थशास्त्राला परिचित असे एक साम्य आहे. त्या उभारताना खर्च प्रचंड येतो. एकदा उभारल्या की आणखी एका माणसाने वापरल्याने त्या कमी होत नाहीत. अशा वस्तूंमध्ये खासगी गुंतवणूक समाजाच्या गरजेइतकी होत नाही, आणि जेवढी होते तेवढी क्रयशक्तीच्या मागे जाते. हजारो तासांचे ध्वनिमुद्रण करायचे तर उद्योग आधी इंग्रजी निवडतो, मग हिंदी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे, म्हणून तिचा क्रम तरी लागतो. कोकणी, गोंडी वा कोरकू यांचा क्रम बाजाराच्या हिशेबात केव्हा लागेल? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाने यंत्राला सामान्यरूप आपोआप येत नाही, हेही लक्षात घ्यावे.

या पोकळीत राज्यसंस्थेने उतरण्याचे कारण आहे. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेले 'भाषिणी' हे राष्ट्रीय भाषांतर अभियान त्या दिशेचे पाऊल होय. वाणी ओळखणे, भाषांतर आणि मजकुराचे वाणीत रूपांतर या तिन्हींची साधने ते सार्वजनिक उपयोगासाठी खुली करते. 'भाषादान' या उपक्रमातून नागरिकांनी स्वतःचे आवाज आणि दुरुस्त्या देणगीदाखल द्याव्यात, अशी त्याची रचना आहे. पंचगंगा घाटापासून प्रवाहाच्या दिशेने खाली, राजघाटाजवळच्या नमो घाटावर १७ डिसेंबर २०२३ रोजी काशी तमिळ संगममच्या उद्घाटनात पंतप्रधानांचे हिंदी भाषण याच साधनाद्वारे तत्काळ तमिळमध्ये ऐकवण्यात आले. व्यासपीठावरील एका वक्त्याचे स्पष्ट भाषण आणि खडखडत्या जीपमधील चालकाची अर्धवट आज्ञा यांत अंतर आहे. मात्र साधन तेच आहे. याखेरीज बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा 'वाणी' प्रकल्प जिल्हावार आवाज गोळा करतो आणि मद्रास आयआयटीतील 'एआय-फॉर-भारत' हा गट अनुसूचित २२ भाषांवर काम करतो. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' अभियानाकडेही या संदर्भात पाहावे लागेल.

रस्त्याच्या ताज्या स्थितीची नोंद हा चार गोष्टींतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि त्याचे परिणाम सर्वांत भीषण आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातच, बरेली आणि बदायूँ जिल्ह्यांच्या सीमेवर, रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तीन जणांचा मृत्यू झाला. पुलाचा भाग पुरात आधीच वाहून गेला होता. मोटार मार्गदर्शक नकाशाच्या आधारे चालली होती, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. नकाशा खासगी, पूल सरकारी, आणि दोहोंमध्ये माहिती पोहोचवण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे, हे निश्चित नव्हते. पूल बंद झाल्याची नोंद यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात त्याच दिवशी प्रसिद्ध करणे ही फार खर्चिक गोष्ट नाही. देवदीपावलीच्या दिवशी वाराणसीत वाहतुकीचे मार्ग बदलतात, तेव्हाही हाच प्रश्न सौम्य रूपात उभा राहतो.

लक्ष हे दुर्मीळ साधन

हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहिती मुबलक झाली की लक्ष दुर्मीळ होते. मोटारीच्या बाबतीत त्याचा अर्थ शब्दशः घ्यावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये दिलेल्या ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांत पडद्याकडे एका वेळी दोन सेकंदांहून अधिक आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांहून अधिक पाहावे लागू नये, अशी मर्यादा सुचवली होती. आवाजी आज्ञेने डोळे रस्त्यावर राहतात, हे खरे. मन राहते का? यूटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की सर्वांत किचकट यंत्रणांत आज्ञा संपल्यानंतरही २७ सेकंदांपर्यंत चालकाचे लक्ष पूर्ववत होत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने २७ सेकंदांत ३०० मीटर जातात. मैदागिनच्या चौकात तेवढ्या अंतरात सायकलरिक्षा, गाय, ई-रिक्षा आणि फुलांची टोपली घेतलेली वृद्धा असे सर्व काही असते.

म्हणून भाषा ही सुरक्षिततेची बाब ठरते. आज्ञा एकदाच देऊन कळली तर विचलन थोडे. तीच आज्ञा तीनदा, उसन्या इंग्रजीत द्यावी लागली तर ते अनेक पटींनी वाढते, आणि त्याची किंमत चालक एकटा देत नाही. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू झाले. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. पादचाऱ्याने ना मोटार विकत घेतली, ना आज्ञा दिली. दुसऱ्याच्या कृतीचा खर्च तिऱ्हाइताने सोसणे यालाच अर्थशास्त्रात नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात.

कायद्याची भूमिका मध्यममार्गी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात समाविष्ट झाला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमबदलाने अशा साधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीनेच करण्यास मुभा दिली.

व्यवहारात काय करावे? ठिकाणाचे नाव मोटार उभी असतानाच सांगावे, आणि शहरासह सांगावे : 'वाराणसी, पंचगंगा घाट'. नुसते 'घाट' म्हटल्यास महाराष्ट्रात यंत्रणा खंबाटकी वा कशेडीकडे बोट दाखवेल, कारण मराठीत डोंगरातील वाटही घाटच. यंत्रणेने मागून म्हटलेले नाव ऐकून घ्यावे. नकाशाचा आवश्यक भाग आधीच उतरवून ठेवावा, म्हणजे विंध्यात अडचण येणार नाही. धावत्या मोटारीत फक्त लहान, एका कामाच्या आज्ञा द्याव्यात, आणि दोनदा न कळल्यास तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी मोटार कडेला घ्यावी किंवा ते काम शेजारी बसलेल्याकडे सोपवावे.

ऐकणारी मोटार

हाक ऐकण्यासाठी यंत्रणेचा कान सदैव उघडा असावा लागतो. मोटारीत चालकाखेरीज इतरही बोलत असतात. आजारपण, पैसा, श्राद्धविधी, घरातील वाद हे सारे प्रवासात बोलले जाते आणि त्यासोबत मोटार कोठे थांबली याचीही नोंद असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनांच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. अधिनियमातील एक तरतूद आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मोटारीला मराठी बोलता येत नसले तरी तिने मराठी माणसाची संमती मराठीत मागितली पाहिजे, अशी अपेक्षा कायद्याने निर्माण केली आहे. मात्र संमती मालक देतो. मागे बसलेल्या यात्रेकरूंची संमती कोण घेतो, हा प्रश्न भाड्याच्या वाहनांत उरतोच.

मैदागिनच्या पुढे

पंचगंगा घाटापर्यंत मोटार जात नाही. मैदागिनच्या आसपास ती सोडावी लागते. पुढे कालभैरवाच्या बाजूने गल्ल्यांतून पायी, अथवा नदीतून नावेने. वाहनातील यंत्रणेचे काम येथे संपते आणि मार्ग भ्रमणध्वनीकडे सोपवला जातो. मात्र या गल्ल्यांत उपग्रहाची अडचण सुरू होते. उंच भिंतींमध्ये आकाशाची अरुंद पट्टीच दिसते, संकेत भिंतींवर आपटून येतात आणि अंतराचा हिशेब चुकतो. याला बहुमार्ग त्रुटी म्हणतात. चार मीटरच्या गल्लीत पंधरा मीटरची चूक म्हणजे शेजारची गल्ली. अधिक उपग्रह दिसू लागले की ही त्रुटी कमी होते. त्या दृष्टीने भारताच्या 'नाविक' व्यवस्थेचे महत्त्व आहे. तिच्या मूळ आराखड्यात सात उपग्रह आहेत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ ने सामान्य भ्रमणध्वनींना सोयीची एल-१ वारंवारता त्यात आणली. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थाननिदर्शक आणि आपत्कालीन बटण बंधनकारक करण्यात आले, तेव्हा त्या साधनांत नाविकचा संकेत घेण्याची क्षमता असावी असेही ठरवण्यात आले होते.

गल्लीच्या तोंडाशी मराठी यात्रेकरू अखेर एखाद्या दुकानदाराला विचारतो. तो 'पंचगंगा' हे नाव ऐकतो, बोलणाऱ्याच्या हेलावरून तो दक्षिणेकडून आला हे ओळखतो, सोबतच्या वृद्ध आईकडे पाहतो आणि पायऱ्या कमी असलेली वाट सांगतो. मार्गाच्या निवडीत पायऱ्यांची संख्या हा घटक यंत्राला आज शिकवता येतो. त्यासाठी घाटावरील आणि गल्ल्यांतील प्रत्येक पायरी कोणीतरी मोजून नोंदवावी लागेल.